टपालवाल्या जेसीमावशीचं एकच मागणं

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचं आमचं निम्मं गाव काउई आडनावाचं. त्यात जेसी काउई चार. आमच्याकडे मधलं नाव हवं ते ठेवता येतं, पण या चौघींपैकी एकीलाही ते नाही. त्यांतली टपाल वाटणारी ती आमची जेसीमावशी.

गावात कुणाला मुलगी झाली, की हिला चैन पडत नाही. खांद्यावरची पिशवीही न उतरवता ती त्यांच्या दारात उभी. "मधलं नाव जगावेगळं ठेवा! बोटीचं ठेवा, वाऱ्याचं ठेवा, पण ठेवा!"

लोक हसतात. हसायला काय जातंय? विसाव्या वर्षी तिला नर्सिंगच्या शाळेचं बोलावणं आलं होतं. ते पत्र दुसऱ्या जेसीच्या घरी गेलं, महिनाभर फडताळात पडलं, आणि प्रवेश संपल्यावर हिच्या हाती आलं.

गेल्या महिन्यात शेजारच्या मोरागला मुलगी झाली. मावशीने तिच्याकडे सहा खेपा घातल्या. आज मोराग बाळ आणि जन्मदाखला घेऊनच आली.

"घे, आता तरी शांत हो, मावशी. तुझंच नाव ठेवलंय. जेसी काउई!"

"आणि मधलं?"

"काही नाही. अगदी तुझ्यासारखं."

मावशी मटकन पायरीवर बसली. बाळाला मांडीवर घेऊन म्हणाली, "मी आहे तोवर तुझं पत्र चुकणार नाही. पण पुढे काय गं करशील, पोरी?"