वग्दीचे सर्दीचे इंजेक्शन

मन्सूरा शहरातल्या त्या गल्लीत कोणी शिंकले, की घरचे म्हणत, "जा, वग्दीकडून टोचून घे." वग्दीचे शिक्षण म्हणजे वाणिज्याची पदविका. पण औषधांच्या दुकानात एकतीस वर्षे काढल्यामुळे सगळे त्याला डॉक्टर म्हणत, आणि त्यानेही कधी कोणाला दुरुस्त केले नाही. अँटिबायोटिक, वेदनाशामक आणि कॉर्टिझोन एकाच सिरिंजमध्ये भरून तो टोची. दुसऱ्या दिवशी माणूस कामावर.

समोरच्या इमारतीतल्या मिस इन्साफ निवृत्त शिक्षिका. वग्दीच्या दोन्ही मुलींना त्यांनी गणित शिकवले होते. फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी त्या दर तीन आठवड्यांनी रुग्णालयात सलाइनमधून औषध घेत.

"ही केमो नाही रे," त्या सांगत. "गाठीनं अंगातल्या पहारेकरी पेशींना गुंगी दिलीय, काहींना तर आपल्याच चाकरीला लावलंय. हे औषध त्यांना कान धरून उठवतं."

गाठ लहान होत होती.

फेब्रुवारीत त्यांना खोकला झाला. वग्दीने काही न विचारता ओळीने तीन दिवस टोचले. खोकला थांबला, मिसनी बस्बूसाच्या गोड वड्यांची थाळी पाठवली. दहा दिवसांनी त्यांना दम लागला आणि रुग्णालयात न्यावे लागले.

वग्दीची बायको हनिय्या भेटून आली. "इंजेक्शनात काय होतं, कोणी दिलं, डॉक्टर सारखं विचारतायत. मिस तोंड उघडत नाहीत."

"का?"

"तुमचं दुकान बंद होईल म्हणून! आणि तुम्ही इथे चहा ढोसताय."

वग्दीने कप बाजूला सारला. आपण गप्प राहिलो तरी कोणाला कळणार नाही, हा विचार त्याला आधी सुचला, आणि त्याचीच सर्वांत जास्त लाज वाटली.

रुग्णालयातली डॉक्टर रिहाब त्याच्या थोरल्या मुलीच्या वयाची होती.

"कॉर्टिझोन होतं. डेक्सामेथासोन," तो म्हणाला. "आठ मिलिग्रॅम. तीन दिवस."

तिने पेन खाली ठेवले. "ती बहुतेक सर्दी नव्हतीच, काका. गाठीच्या औषधानं जाग्या झालेल्या पेशी गाठीबरोबर चांगल्या फुफ्फुसावरही तुटून पडल्या. त्यावर आम्हीही कॉर्टिझोनच देतो, पण मोजून, कित्येक आठवडे, हळूहळू कमी करत. तुम्ही तीन दिवसांत आग दाबलीत आणि सोडून दिलीत. आम्ही चार दिवस जंतू शोधत बसलो."

"आणि गाठीचं औषध?"

"थांबवलंय. पुन्हा देता येईल का, आज नाही सांगता येणार."

पडद्यापलीकडून मिसचा धाप लागलेला आवाज आला, "तुला कोणी बोलावलं होतं इथे?"

वग्दीला पडदा सारण्याचे धैर्य झाले नाही. "मिस, मी विचारायला हवं होतं."

"हो," त्या म्हणाल्या. "हवं होतं."

रिहाबने कागद पुढे केला. त्याने तारखा आणि मात्रा लिहून खाली सही केली.

"गाठीचं असं औषध घेणारे तुमच्या गल्लीत आणखी किती जण आहेत?"

वग्दी मनात एकेक घर मोजू लागला. दंड पुढे करणाऱ्या कोणालाच त्याने कधी काही विचारले नव्हते.