पाहुणे पाचला आले

बायको गेल्यापासून घर गप्प आहे, म्हणून लिहितोय. शाळा माझी चौथीपर्यंत, चुका काढू नका.

मस्कतच्या एका कॉलेजात मी ड्रायव्हर होतो. आमचे प्राचार्य ओमानीच, रंगानं काळे, सूर बंदराचे, बाप जहाजं बांधणारा सुतार. फौजेत शिपाई म्हणून शिरले, अफसर होऊन निघाले. कॉलेजच्या त्या खुर्चीवर त्यांच्या आधी काळा माणूस बसला नव्हता. बायकोला याचं माझ्यापेक्षा जास्त कौतुक.

एका वर्षी मस्कतमधल्याच दार्सैतच्या हॉलमध्ये आमच्या लोकांनी चौदा एप्रिलची जयंती ठरवली. कमिटी सगळी इंजिनियरांची. बायको त्यांना म्हणाली, "प्रमुख पाहुणे म्हणून यांच्या साहेबांना बोलवा."

अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, फौजी माणूस काय बोलणार? कार्यक्रम पडला तर?"

"पडला तर पुन्हा जयंतीला तोंड दाखवणार नाही."

झालं. तिची अब्रू साहेबांच्या हातात.

पत्रिकेवर वेळ पाचची. आपल्यात पाच म्हणजे साडेसहा, हे फौजेत कोण शिकवणार? साहेब पाचला हजर, साध्या शर्ट-पँटमध्ये. हॉलात आम्ही नवरा-बायको आणि खुर्च्यांचा ढीग. त्यांनी बाह्या सारल्या आणि खुर्च्या मांडायला घेतल्या. बायको "साहब, रहने दो" करत मागे मागे. ते म्हणाले, "बहेन, वो कोना पकडो."

सहा वाजून गेल्यावर अध्यक्ष टाय लावून आले. साहेबांना बघून म्हणाले, "ए भाई, ये लाइन टेढा है. यल्ला, जल्दी करो, चीफ गेस्ट आनेवाला है."

साहेबांनी वाकून, एक डोळा मिटून रांग बघितली. "सीधा है," म्हणाले. "और चीफ गेस्ट पाच बजे आ गया. आप लोग किधर था?"

अध्यक्षांचा हात टायवर गेला तो तिथंच राहिला. बायको पदर तोंडाला लावून म्हणाली, "जयंती कुणाची आहे, आठवतंय ना अध्यक्षसाहेब?"

भाषण छोटंच झालं. "कॉलेज में भी लोग पहले मेरे को चपरासी समझता था. मैं बोलता, बैठो, चाय लाता हूँ. चाय पीके वो लोग पूछता, प्रिन्सिपल किधर है?" हॉल हसून लोळला. बायको वर्षभर मान ताठ करून फिरली. घरात भाजी खारट झाली तरी मान ताठ.

ती गेली तेव्हा शोकसभा त्याच हॉलमध्ये ठेवली, पाचला. मी साडेचारला पोचलो. खुर्च्या मांडून होत आल्या होत्या. साहेब आता रिटायर, गुडघा धरून उभे. मी रांगा बघितल्या. म्हटलं, "साहब, पीछे का लाइन टेढा है."

त्यांनी एक डोळा मिटून बघितलं. "हाँ, टेढा है," म्हणाले. "वो कोना बहेन पकडती थी. अभी तुम पकडो."

मी पकडला.