खिडकीतला निळा कप

स्वयंपाकघराच्या खिडकीत वहिनींचा निळा कप एकटाच पालथा असतो. त्यांना हिपॅटायटिस बी आहे. तो कपातून पसरत नाही, हे आईला सांगून मी थकलो. "नसेल पसरत, पण वेगळा ठेवलेला बरा," ती म्हणते.

प्रयोगशाळेत आम्ही एक पेप्टाइड बनवतोय, विषाणूच्याच कवचासारखा प्रथिनाचा बारकासा तुकडा. तो यकृताच्या पेशीच्या दारात आधीच जाऊन बसतो आणि विषाणूला बाहेर अडवतो. कधी बसतो, कधी निसटतो. पण भीती कुठल्या दारानं शिरते? तिथं काय बसवायचं?

आज मी मुद्दाम त्या निळ्या कपात माझा चहा ओतायला घेतला. वहिनींनी तो झटकन ओढून घेतला.

"नको भाऊजी. तुम्हाला काही झालं तर?"