पाकिटाची मागची बाजू

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, राइट टाउन भागात, माझ्या मुलीच्या शाळेसमोर एका काकूंचं छोटं दुकान होतं. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. कुठल्याही मुलानं काही मागितलं, की त्या पाकीट उलटं करून त्याच्या हातात देत आणि कान पुढे करून म्हणत, "पीछे का पढ़ो, बेटा. जो पहले लिखा है, वही सबसे ज़्यादा है."

एकदा माझ्या मुलीनं आंब्याचं सरबत मागितलं. तिनं अडखळत वाचलं, पाणी, साखर, मग कुठे आंबा. मग तिनं ते पाकीट परत दिलं आणि फुटाणे घेतले.

मी म्हटलं, "काकू, अशानं दुकान कसं चालणार?"

"चालून राहिलं ना, ताई. आमच्या ह्यांचा पाय शुगरनं गेला. घरात पाकिटं रोज यायची, पण दोघांनाही वाचता येत नव्हतं. मला तर आजही येत नाही."

मला इतके दिवस वाटत होतं, की काकू मुलांची परीक्षा घेतात.

त्यानंतर मुलीला न्यायला मी जरा लवकर जाऊ लागले. रोज दोन-तीन नवी पाकिटं त्यांना वाचून दाखवायची. त्या शांतपणे ऐकत आणि साखर पहिली आली, की ते पाकीट मुलांचा हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर ठेवून देत.