अकरा नंबरचं रीळ

सुनीताकाकू भोसले आमच्या कॉलनीची बाग तोडायला निघाल्यात, ही अफवा मी पसरवली. म्हणजे मुद्दाम नाही, फक्त कात्री चालवली. इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या आमच्या रहिवासी समितीची निवडणूक होती, काकू अध्यक्षपदाला उभ्या होत्या, आणि मी एका लोकल न्यूज पेजचा व्हिडिओ एडिटर. काकू भाषणात म्हणाल्या, "काही जण म्हणतात, बाग तोडा आणि पार्किंग करा. मी असेपर्यंत ते होणार नाही." आमच्या ऑफिसचा नियम असा, की पहिल्या तीन सेकंदांत बघणाऱ्याचं बोट थांबलं पाहिजे. म्हणून मी "बाग तोडा आणि पार्किंग करा" इथून सुरुवात केली आणि थेट त्यांच्या पार्किंगच्या तक्रारींवर उडी मारली. मधलं वाक्य तीस सेकंदांत बसेना. दुसऱ्या दिवशी दूधवालासुद्धा काकूंकडे तिरका बघत होता. मतदानाला दहा दिवस होते.

पण हे लिहितोय धनेश शिर्क्यांबद्दल. मला त्यांचा हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढे कुठे वाकडं लिहिलं तर समजून घ्या.

धनेशजी बावीस वर्षं एका टॉकीजमध्ये प्रोजेक्टर ऑपरेटर होते. टॉकीज बंद पडली, आता मिक्सर दुरुस्त करतात. पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते हे ते सांगत नाहीत, त्यांची बायको सांगते. दर रविवारी पाच वाजता समितीच्या हॉलमध्ये ते सिनेमा दाखवतात, आणि मधेच थांबवून प्रश्न विचारतात. माझ्या व्हिडिओला वीस हजार लोक येतात, त्यांच्याकडे चाळीस. पण माझे वीस हजार नवव्या सेकंदाला पळतात, आणि त्यांचे चाळीस पंखा बंद पडला तरी हलत नाहीत. पुण्याहून नोकरीला आलेली रुची माझा मेसेज दोन दिवसांनी वाचते; तिथे मात्र पहिल्या रांगेत वही उघडून बसते. गौतमपुऱ्यासारख्या छोट्या गावात शिकून, इथे इंदूरला डिप्लोमा करून मी हे बघायचं.

सिनेमे त्यांना एकाच जातीचे आवडतात. सत्ता, बातमी, आणि दोघांच्या मधे सापडलेला मतदार. एकदा त्यांनी दाखवलेल्या सिनेमात निवडणुकीच्या दिवशी टीव्हीवाले ओस पडलेलं मतदान केंद्र दाखवतात. लोकांना वाटतं, कोणी जातच नाहीये, आपण तरी कशाला जायचं. आणि निकालात सरकार बदलतं. धनेशजींनी चित्र थांबवलं.

"कॅमेरा खोटं बोलला का?"

"नाही. खरंच रिकामं होतं," रुची म्हणाली.

"मग सरकार कसं बदललं?"

मागून कोणी तरी इंदुरी ठसक्यात म्हणालं, "जेवणाच्या टायमाला शूट केलं ना भिया, और काय."

हॉल हसला. मला उत्तर आधीच आलं होतं, पण मला कोणी विचारलं नाही.

तर बागेच्या व्हिडिओनंतर शुक्रवारी धनेशजी माझ्या खोलीवर आले.

"भिया, भाषणाचं पूर्ण रेकॉर्डिंग आहे ना?"

"आहे."

"जोड दिसतोय मला. हात तुझा आहे."

"ऑफिसचं काम होतं, धनेशजी."

"माझंपण ऑफिसचंच होतं." ते पलंगावर बसले. "एक प्रिंट, दोन टॉकीज. तिकडे रिळं संपली की स्कूटरवरून इकडे. एकदा गडबडीत अकरा नंबरचा डबा तिकडेच राहिला. मॅनेजर ओरडला, बारावं लाव. अकराव्यात चोरीचा आळ आलेला मास्तर निर्दोष सुटतो. बाराव्यात तो गाव सोडून जातो. पब्लिकला वाटलं, चोरच होता, हाकलला ते बरं झालं. शिट्ट्या वाजवून घरी गेले."

"मग?"

"मग काय. मी वरच्या खिडकीतून बघत राहिलो. खाली जाऊन सांगितलं नाही."

मी रेकॉर्डिंग दिलं.

रविवारी त्यांनी सिनेमाआधी माझा व्हिडिओ लावला, मग पूर्ण भाषण. "कुठे कापलंय? हात वर करा." सगळ्यात आधी रुचीचा हात. मग हॉलभर हात. काकू कोपऱ्यात पदराने डोळे पुसत होत्या.

"नाव सांगा त्याचं," मागून आवाज आला.

"नाव सांगितलं तर त्याला शिव्या देऊन मोकळे व्हाल. आणि उद्या परत न बघता फॉरवर्ड कराल," धनेशजी म्हणाले. "लाईट बंद करा, सिनेमा सुरू करतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कात्री माझी, फुटेज माझं, टाळ्या त्यांना. मला वाचवलं म्हणून बरं वाटायला हवं होतं. उलट आणखी जळलो. एवढं मोठं मन त्यांना परवडतं कसं?

पुढच्या रविवारी काकू सात मतांनी निवडून आल्या. सोमवारी चिरोट्यांचा डबा घेऊन माझ्या दारात.

"धनेशजी म्हणाले, रेकॉर्डिंग तू दिलंस. म्हणून वाचले रे बाबा. नाहीतर कॉलनीत तोंड दाखवायची सोय नव्हती. तुमच्या ऑफिसात कोण गाढव बसलंय कापायला?"

"आहे एक," मी म्हणालो.

"कान उपट त्याचे."

"हो, काकू."

चिरोटे मी सगळे खाल्ले. चांगले होते, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग.

आता दर रविवारी साडेचारला मी हॉलमध्ये खुर्च्या लावायला जातो. बोलावलेलं नाही, आपला जातो. धनेशजी प्रोजेक्टर पुसता पुसता विचारतात, "झालं का काकूंशी बोलणं?"

"या हफ्त्यात नक्की."

"मागच्या हफ्त्यात पण नक्कीच होतं."

"त्या गावाला गेल्या होत्या."

"काल बागेत पाणी घालत होत्या," ते म्हणतात, आणि काच पुसत राहतात. मी पुढची खुर्ची उघडतो.