आबांएवढं वजन

उसाची ट्रॉली कालव्याच्या चढाला लागली की आबा, म्हणजे माझे वडील, ट्रॅक्टरच्या पुढच्या बंपरवर जाऊन बसायचे. आमची ट्रॉली दोन चाकांची. तिचं बरंचसं ओझं मागच्या हुकावर येतं आणि चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. आबांची उमेदीची वर्षं बैलगाडीवर गेलेली. मागे ओझं जास्त होऊन गाडी उलाळ झाली की गाडीवान सरकून धुरेवर बसतो, तसे ते इथेही पुढे सरकले. पण इथे तोल गेला तर थेट चाकाखालीच. हे मी त्यांना शंभरदा सांगितलं. शंभरदा त्यांनी टोपी नीट केली आणि बंपरवर बसले.

मागच्या हंगामात एकदा तोंड चांगलं हातभर वर गेलं. आबा बंपरला धरून अधांतरी. मी क्लच दाबला, चाकं धाडकन टेकली. आबा म्हणाले, "चल, काय न्हाई झालं."

त्यानंतर मला चैन पडेना. जेवताना हूक, अंघोळ करताना हूक. मंठ्याच्या बाजारात उभ्या असलेल्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे वाकून बघू लागलो. बायको म्हणाली, "मला बघायला आल्ते तवा बी एवढं निरखून पाह्यलं नव्हतं तुम्ही."

शेवटी वडीगोद्रीला रस्त्याकडेच्या वेल्डरकडे गेलो. उंच हूक, फिरता हूक, खाली बसणारा हूक. मी एकेक उचलला, ठेवला, परत उचलला. तो वैतागला.

"भाऊ, खालचा घ्या. वढ खालून आली की तोंड कमी उचलतं. पर निस्त्या हुकानं भागत न्हाई. ऊस कमी भरा, अन् पुढं लोखंडी वजनं टांगा. किती टांगू?"

"माझ्या बापाएवढं," मी म्हणालो.

तो हसला. मला हसू आलं नाही. मग माझ्याकडे बघून त्यानेच खालचा हूक बसवला आणि वजनं दुप्पट टांगली.

दुसऱ्या दिवशी ट्रॉली घेऊन चढाशी थांबलो. आबा सवयीने पुढे आले. बंपरवर वजनं ओळीने लटकलेली, टेकायला जागाच नव्हती. त्यांनी एकावर हात ठेवला.

"मंग मी कुठं बसू?"

"कुठंच बसू नका! बाजूला व्हा!" मी उगाच ओरडलो. भीती वाटली की माझा आवाज चढतो, त्याला इलाज नाही.

ट्रॅक्टर चढला. तोंड जराही हललं नाही. वर पोचून वळून पाहिलं तर आबा खालीच उभे, रिकाम्या हातांनी. मला आनंद झाला, आणि लगेच स्वतःचा रागही आला.

ते चालत वर येऊ लागले. मध्ये दोनदा गुडघ्यांवर हात टेकून थांबले. ते इतके थकलेत, हे बंपरवरच्या त्यांच्या पाठीकडे बघून मला कधी कळलंच नव्हतं. वर आल्यावर बराच वेळ ते नुसते धापा टाकत राहिले. मग वजनांकडे बोट करून म्हणाले,

"ह्यायला दम लागत न्हाई. बराबर आणली तू."