मल्हारी पाणाड्याचा हात

मी भूजल खात्यात एकतीस वर्षं काढली. पाणाड्या म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तळहातावर आडवा नारळ ठेवून अनवाणी फिरायचं आणि नारळ उभा राहिला की "इथं पाणी" म्हणायचं, ही विद्या मला कधीच मान्य नव्हती. तरीही निवृत्तीनंतर शहराच्या कडेच्या सातारा परिसरात घर बांधलं तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी माझ्या नाकावर टिच्चून खुलताबादकडच्या मल्हारीला बोलावलं. त्यानं दाखवलेल्या जागी दोनशे दहा फुटांवर पाणी लागलं. तेच मी रोज पितो, काय करणार!

मल्हारी धनगराचा. उंच, वाळकुडा, बोलणं मोजकं. शहर बायपासच्या पलीकडं पसरत गेलं तशी त्याची मागणी वाढली. बिल्डर त्याला गाडी पाठवायचे. मग दुष्काळ पडला. लागोपाठ सतरा बोअर कोरडे गेले, आठशे फुटांपर्यंत नुसती धूळ वर आली. एका बिल्डरनं कामगारांसमोर त्याला सुनावलं, "तुझा हात गेला, मल्हारी." गडी घरी जाऊन अन्न टाकून बसला. "हातच गेला तर मी कोन?" एवढंच म्हणायचा.

उपाय बायकोनं, म्हाळसाबाईनं काढला. अजिंठ्याच्या डोंगरातल्या सप्तकुंडावर, मेंढरं चारताना, बापानं त्याच्या हातावर पहिला नारळ ठेवला होता. तिथंच जाऊन हात पारखा, ती म्हणाली. त्याच दमात पुढचंही बोलून घेतलं. "एकोणतीस वर्सं झाली लग्नाला. जोडीनं कुटं नेलंय का मला? आदी धबधबा दावा, मग शहर दावा." २०१५चा श्रावण होता. दोघं सकाळच्या एसटीनं निघाले.

पुढचं मला म्हाळसाबाईनंच सांगितलं, त्याच संध्याकाळी दोघं शहरात आमच्याकडं मुक्कामाला आले तेव्हा, ओट्यावर बसून.

धबधबा नव्हताच. श्रावणात जिथं कानठळ्या बसतात तिथं दोघांना आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येत होता. कातळावर पाण्याचे काळे ओघळ तेवढे राहिले होते. कोरड्या कुंडाच्या काठावर वानरांचा कळप बसला होता. एकही ओरडत नव्हतं, सगळी खाली कुंडाच्या तळाकडं बघत होती. म्हाळसाबाईचा जीव घाबरला. "चला इथून," ती म्हणाली. पण मल्हारीनं चपला काढल्या होत्या.

भर दुपारी, उतरता येईल त्या प्रत्येक कुंडाच्या तळातून तो फिरला. नारळ हातावर मढ्यासारखा पडून. शेवटी तो एका दगडावर बसला, नारळ तसाच हातात. म्हाळसाबाई भाकरीचं फडकं घेऊन जवळ गेली आणि नारळ हलला. सावकाश शेंडी वर करत उभा राहिला.

"हाय! इथं हाय!" मल्हारी ओरडला. तिला रडूच कोसळलं. जागेवर खूण करायला धोंडा आणावा म्हणून ती दहा पावलं लांब गेली, तर नारळ आडवा. ती परतली, नारळ उभा. मल्हारीनं दुसऱ्या जागी जाऊन तिला हाक मारली. ती जवळ आली तसा तो पुन्हा उभा.

"माज्याच मागं लागलंय की हे!" म्हाळसाबाई हसायला लागली. मल्हारी हसला नाही. त्यानं हात तिच्या पोटासमोर नेला, तसा नारळ थरथरायला लागला. वानरांनी माना वळवल्या होत्या. आता ती या दोघांकडं बघत होती.

"कदीपासून हाय हे?" त्यानं विचारलं.

"होळीपासून पोट जरा फुगल्यावानी वाटतंय. तुमच्या डोक्याला आदीच ताप, म्हनून बोलले नाय."

एवढं सांगून तिनं आमच्या बोअरचं पाणी मागितलं, तांब्याभर प्यायली. "लई गोड हाय," म्हणाली. मल्हारी पायरीवर पाठ फिरवून बसला होता. मी त्याला चांगलाच झापला. असल्या खुळचटपणावरून बाईमाणसाला घाबरवतोस का, म्हणालो. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून मीच त्यांना औरंगपुऱ्यातल्या ओळखीच्या डॉक्टरांकडं नेलं. सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. पोटात पाणी झालं होतं, यकृत निकामी होत आलं होतं. बाहेर येऊन मी मल्हारीसमोर उभा राहिलो. आदल्या दिवशी त्याला झापल्याची मला फार लाज वाटली.

दिवाळीनंतर मी त्यांच्या घरी गेलो. तोवर डॉक्टरांनी तीनदा पाणी काढलं होतं, शेवटचं आठवड्यापूर्वी. म्हाळसाबाई अंगणात बाजेवर निजली होती. मल्हारी तळहातावर नारळ घेऊन, दारापासून एकेक पाऊल टाकत बाजेकडं येत होता. रोज सकाळी हेच चालतं, शेजारणीनं हळूच सांगितलं. मी मुद्दाम त्याच्या मनगटावर नजर ठेवली. लबाडी असलीच तर ती तिथं असते. मनगट हललं नाही. बाज दोन हातांवर आली आणि नारळ उठू लागला.

मल्हारीनं दुसऱ्या हातानं तो दाबून आडवा केला. हात काढला, की परत उभा. पुन्हा दाबला, पुन्हा उभा. मग तो माझ्याकडं वळला.

"सतरा जागी खोटा पडला, सायेब," तो म्हणाला. "हिच्यापाशीच का पडंना?"